बोट ओळखणारा राखणदार

"लते, देवाचं ताट आहे, जिभेला लावू नकोस. आणि हे बघ, पंगतीचं मात्र चाखल्याशिवाय वाढायचं नाही. काकू म्हणाली मीठ बरोबर आहे, तरी चाखायचं. काकूला तिच्या जावेनं सांगितलेलं असतं, आणि जावेचा असतो उपास."

आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण तिचा हा आवाज लताबाईंना भलत्याच वेळी ऐकू यायचा. सत्त्याऐंशी सालच्या खंडेनवमीला, सातपूरच्या त्या कारखान्याच्या कँटीनमध्ये ताशे कडकडत असताना, तो असाच कानाशी आला आणि गर्दीत विरून गेला. तेव्हाच त्यांनी तो धरून ठेवला असता तर पुढचं पुष्कळ टळलं असतं.

गर्दी म्हणजे काय गर्दी! पहिल्या पाळीची माणसं घरी गेली नव्हती आणि दुसऱ्या पाळीची अगोदरच येऊन बसली होती. कारखाना विजेच्या मोटारींच्या वाइंडिंगचा, म्हणजे त्यांत तांब्याची तार गुंडाळायचा. लेथ, ड्रिल, प्रेस, सगळी यंत्रं धुऊनपुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून उभी होती. पण त्या दिवशी त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सगळ्यांच्या माना कँटीनच्या मधल्या टेबलाकडे. तिथं ऑफिसातला नवा कॉम्प्युटर आणून ठेवलेला, आणि त्याच्या शेजारी एक काळा डबा. साधारण पानाच्या डब्याएवढा. त्यावर दोन दिवे, एक तांबडा, एक हिरवा. कळफलकाची तार त्या डब्यातून होऊन कॉम्प्युटरकडे गेलेली.

"ह्याचं नाव राखणदार!" झुंबरशेठ म्हणाले.

झुंबरशेठ हा डबा विकणारे. पांढरा सफारी, कपाळाला गंध, उजव्या हाताच्या बोटात सुपारीएवढ्या खड्याची अंगठी. बोलायला लागले की कीर्तनकारानं ऐकत बसावं.

"मंडळी, कुलपाची किल्ली चोर चोरतो. कॉम्प्युटरचा गुप्त शब्द चोर चोरतो. पण बोट? बोट कोण चोरणार? बोटात काय आहे? बोटात माणसाचं कर्म आहे! हा राखणदार शब्द तर बघतोच, पण शब्द दाबणारं बोट ओळखतो. अमेरिकेच्या खजिन्यावर हाच बसवलाय. तिकडं फक्त त्याला हार घालत नाहीत, म्हणून कधी कधी रुसतो."

मग त्यांनी मॅनेजर चांदवडकर साहेबांचा गुप्त शब्द, साहेबांच्याच परवानगीनं, पाटीवर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिला आणि कँटीनवाल्या फकिराला पुढं ओढलं.

"ये रे, दाब. तोच शब्द दाब. चुकू नको."

"शेठ, माझ्या बोटाला कांद्याचा वास हाय. चालंल का त्याला?" फकिरा म्हणाला. माणसं हसली.

फकिरानं पाटीकडे बघत बघत एकेक अक्षर दाबलं. झुंबरशेठनी डब्यावर उजवा हात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "राखणदारा, ओळख!"

तांबडा दिवा लागला, आणि डब्यातून कावळा ओरडावा तसा कर्कश आवाज आला. अख्खं कँटीन एक पाऊल मागं सरलं.

मग साहेब पुढं झाले. तोच शब्द, तीच अक्षरं. झुंबरशेठ हात जोडून बाजूला उभे. हिरवा दिवा लागला, आणि कॉम्प्युटरचा पडदा उघडला.

टाळ्यांनी पत्रे थरथरले. कुणीतरी नारळ फोडला. त्या नारळाच्या साक्षीनं सगळ्यांनी शपथ घेतली, की दुसऱ्याच्या शब्दाला हात लावायचा नाही, राखणदाराची परीक्षा बघायची नाही. लताबाईंनीही हात जोडले. कारखान्याच्या टाइम ऑफिसच्या त्या मुख्य कारकून, हजेऱ्या आणि रजा सांभाळायच्या. देवाधर्माच्या बाई, रोज सकाळी गंगेवर, म्हणजे गावच्या नदीवर, जाऊन मग कामावर येणाऱ्या, दिवेलागणीला देवापुढं दिवा लावल्याखेरीज अन्न न घेणाऱ्या. हात जोडायची सवयच होती हाताला.

त्यानंतर राखणदाराची रोज पूजा होऊ लागली. ज्याला त्याला आपापला शब्द होता. आपला शब्द, आपलं बोट, दिवा हिरवा. "बघा, ओळखलं!" घाईत एखादं अक्षर चुकलं की कावळा ओरडायचा. "बघा, कोपला! सकाळी कुणाचं तरी वाईट चिंतलं असशील." दोन्ही बाजूंनी राखणदारच खरा. दुसऱ्याचा शब्द दाबून बघायचं मात्र कुणाच्या स्वप्नातही आलं नाही.

आणि पौष महिन्यात स्टोअरमधून तांब्याच्या तारेची रिळं गेली.

गेली म्हणजे, कॉम्प्युटर म्हणत होता की ती स्टोअरमधून रीतसर बाहेर काढून वाइंडिंग खात्याला दिली. वाइंडिंग खातं म्हणत होतं की आम्हाला रीळ काय, गुंडाळायचा पुठ्ठासुद्धा मिळाला नाही. नोंद होती मल्हारीच्या शब्दानं. मल्हारी स्टोअरकीपर. सटाण्याकडचा, कांदा पिकवणाऱ्या घरातला पोरगा, शिकून इथं लागलेला. त्यानं आईची, देवाची, सगळ्यांची शपथ घेतली.

"साहेब, मी नाही दाबलं!"

"मग कुणी दाबलं? तुझं बोट तुझ्या हातालाच आहे ना?" चांदवडकर साहेब म्हणाले, आणि त्याला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. काढायचाच होता. फक्त चौकशीचा कागद पुरा व्हायचा होता, आणि त्यावर सही करायला एक माणूस हवा होता.

"लताबाई, तुम्ही करा ही चौकशी," साहेब म्हणाले. "तुमच्यावर सगळ्यांचा विश्वास. तुम्ही कुणाला लागेल असं बोलत नाही."

म्हणजे सही कराल आणि गप्प बसाल. लताबाईंना कळलं. इतकी वर्षं नोकरी केल्यावर असलं ऐकलं की राग येत नाही, नुसतं दमल्यासारखं होतं.

"साहेब, डब्यानं सांगितलं म्हणून मल्हारी चोर. पण डबा खरं सांगतो, हे कशावरून?"

साहेबांनी ड्रॉवर ओढून कागद त्यांच्यापुढं मांडले. "हे घ्या. कंपनीचं माहितीपत्रक. ही वर्तमानपत्रातली बातमी. हे कॉलेजातल्या प्राध्यापकांचं प्रमाणपत्र. हे मालेगावच्या मोठ्या यंत्रमागवाल्यांचं शिफारसपत्र. चार ठिकाणची चार माणसं खोटं बोलतील का?"

"खोटं नाही बोलणार," लताबाई हळूच म्हणाल्या. "पण त्यांनी चाखलंय का, एवढं विचारून येते."

"काय चाखलंय?"

"काही नाही. येते विचारून."

त्या दिवशी पाळी सुटल्यावर फाटकाशी एक म्हातारी उभी होती. नऊवारीचा काचा, डोक्यावरचा पदर दातात धरलेला, हातात कांद्याच्या पातीची जुडी. मल्हारीची आई, गोजराबाई. सटाण्याच्या गाडीनं आली होती.

"तुम्हीच का चौकशीवाल्या बाई?"

"हो. लताबाई म्हणतात मला. आत चला, बसा ना."

"बसाले नही आली बाई." म्हातारीनं जुडी त्यांच्या हातात कोंबली. "मना पोऱ्या चोर नही शे. पण मी त्याची माय, मी असंच म्हणणार. माझं नका धरू." तिनं पदर सावरला. "गावात पहिल्या दिवशी म्हणे तार गेली. दुसऱ्या दिवशी म्हणे मोटारी गेल्या. आता म्हणतात का मल्ह्यानं कारखानाच विकला. घरातून बाहेर निघत नही तो. जेवायला बसतो, ताटाकडं बघतो, उठून जातो. काल विहिरीकडं गेला, तर मी मागं मागं गेले."

लताबाईंनी जुडी दुसऱ्या हातात घेऊन तिचा हात धरला.

"काय ठरंल ते ठरू द्या," गोजराबाई म्हणाली. "चोर ठरला तरी. पण कोणापाशी निरोप नका धाडू, बाई. निरोप वाटेत फुगतो. तुम्ही स्वतः या आणि त्याला तोंडानं सांगा. येशाल?"

"येईन," लताबाई म्हणाल्या. "ज्या दिवशी ठरेल, त्याच दिवशी येईन."

मग लताबाईंची पायपीट सुरू झाली. गुडघे दुखत होते, बसला लोंबकळावं लागत होतं, पण त्या एकेक दार वाजवत गेल्या.

वर्तमानपत्राचा वार्ताहर शालिमारजवळ एका जिन्याखालच्या खोलीत सापडला. भला माणूस. त्यानं चहा मागवला. लताबाईंचं बाहेरचं काही न घेण्याचं व्रत, म्हणून स्वतःच दोन्ही कप प्यायला.

"बातमी तुम्हीच लिहिलीत ना? डबा बोट ओळखतो, ही?"

"लिहिली म्हणजे, मजकूर झुंबरशेठनी आणून दिला, छापील माहितीपत्रकच होतं. मी मथळा दिला. मथळा बरा जमलाय की नाही?"

"छान आहे. डबा पाहिलात का तुम्ही?"

"बाई, रोज इतक्या बातम्या असतात. रस्त्यावर ट्रक उलटला तर मी ट्रक बघायला जात नाही, डबा कुठं बघत बसू?"

कॉलेजातले प्राध्यापक सरळ मनाचे होते. प्रमाणपत्राचं नाव काढल्याबरोबर त्यांचा चेहरा उतरला. "झुंबरशेठ वर्तमानपत्रातली बातमी घेऊन आले होते. मला म्हणाले, विज्ञानाच्या दृष्टीनं हे शक्य आहे का? मी लिहून दिलं, की प्रत्येक माणसाची कळ दाबायची लय वेगळी असते, तेव्हा असं यंत्र करणं तत्त्वतः अशक्य नाही."

"तत्त्वतः अशक्य नाही. म्हणजे हा डबा ते करतो, असं तुम्ही म्हणालात?"

"छे हो! डबा मी कुठं उघडून पाहिला? पण बातमीत आलंच होतं, तेव्हा कुणीतरी तपासलं असेलच, असं वाटलं." त्यांनी चष्मा पुसला. "त्यांनी छापलं काय?"

"प्राध्यापकांनी सिद्ध केलं, असं छापलंय."

प्राध्यापकांनी पुसलेला चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

मालेगावच्या मागवाल्यांना त्यांनी पोस्टातून ट्रंक कॉल लावला. तासभर बाकावर बसल्यावर नंबर लागला. पलीकडून आवाज आला, "राखणदार? लय भारी चीज हे, बाई! एकदम फस्क्लास! प्राध्यापकाचं सर्टिफिकेट हे त्याच्यावर!"

"तुमच्याकडे कधी चुकला नाही?"

"कधीच नाय!"

"कुठल्या कामाला वापरता?"

"वापरायचं आहे ना अजून. कॉम्प्युटर यायचाय आमचा. आला का लावतो लगेच. तवर देव्हाऱ्यात ठेवलाय."

लताबाईंना हसूही आलं नाही. फोन ठेवून त्या पोस्टाच्या पायरीवर जरा टेकल्या. वार्ताहराला शेठनी सांगितलं. प्राध्यापकांना वार्ताहरानं. मागवाल्यांना प्राध्यापकांनी. साहेबांना सगळ्यांनी मिळून. आणि जिभेला कुणीच लावलं नव्हतं. नैवेद्याचं ताट म्हणून सोडून दिलं असतं, पण हे ताट मल्हारीपुढं वाढलं होतं.

खरा धक्का पुढच्या आठवड्यात बसला. झुंबरशेठनी नवं माहितीपत्रक काढलं होतं. त्यात ठळक अक्षरात होतं: 'सातपूरच्या नामांकित कारखान्यात राखणदारानं चोर पकडला! मॅनेजरसाहेबांची खात्री!'

लताबाईंनी ते साहेबांच्या टेबलावर ठेवलं. "साहेब, हा पाचवा साक्षीदार. हे तुम्हीच."

साहेबांनी वाचलं. "मग? खरंच आहे."

"मल्हारी चोर कशावरून? तर डबा चुकत नाही. आणि डबा चुकत नाही कशावरून? तर त्यानं मल्हारीला पकडला. साहेब, आपणच आपल्याला साक्ष देतोय."

"शब्दांचे खेळ करू नका, बाई. इतकी शिकलेली माणसं एक गोष्ट म्हणताहेत."

"पाच माणसं नाहीत ती. झुंबरशेठ एकच बोलले. बाकीच्यांनी री ओढली." आवाज नेहमीसारखाच मऊ होता, पण त्या खुर्चीवरून उठल्या नाहीत. "मला एकदा सगळ्यांसमक्ष दुसऱ्याचा शब्द दाबून बघायचाय. शेठनाही बोलवा."

"राखणदाराची परीक्षा? लताबाई, तुम्ही म्हणता हे? नारळ फोडून शपथ घेतलीय माणसांनी!"

"देवाची परीक्षा मी जन्मात बघितली नाही, साहेब. पण हा देव नाही. विकत आणलेला डबा आहे, ह्याची पावती आहे आपल्याकडे."

शनिवारी दुपारी पुन्हा तेच कँटीन भरलं. ह्या वेळी ताशे नव्हते. डब्यावर कुंकवाचे थर चढले होते. झुंबरशेठ आले ते हात वर करूनच.

"संशय हा फार मोठा रोग आहे, मंडळी! राखणदार दुखावतो संशयानं. पण बघा, खुशाल बघा. सोन्याला विस्तवाची भीती नाही!"

लताबाईंनी विचारलं, "मल्हारीचा गुप्त शब्द इथं कुणाला माहीत आहे?"

वायरमन सोमा मागून म्हणाला, "सगळ्यांनाच हाय, बाई. गुप्त कसला! तो कळ दाबताना तोंडानं मोठ्यानं म्हणतो, एस... ए... आर... जे... ए. त्याच्या बैलाचं नाव हाय, सर्जा. आम्ही चिडवायचो त्याला, आज बैल सोडला का बांधला म्हणून."

थोडी हसली माणसं. मग हसता हसता एकमेकांकडे बघू लागली, कारण सोमा काय बोलून गेला ते त्यांच्या ध्यानात आलं.

"असू दे माहीत!" झुंबरशेठ गरजले. "शब्द माहीत असून काय? बोट कुठाय मल्हारीचं?"

"साहेब, तुम्ही दाबा," लताबाई म्हणाल्या.

चांदवडकर साहेब नाखुशीनं बसले. झुंबरशेठनी डब्यावर उजवा हात ठेवला, डोळे मिटले. "राखणदारा, ओळख!" साहेबांनी अक्षरं दाबली. तांबडा दिवा. कावळा ओरडला.

गर्दीतून एक सुस्कारा निघाला. साहेब उठले. "झालं समाधान, बाई?"

लताबाई डब्याकडे बघत नव्हत्या. त्या झुंबरशेठच्या हाताकडे बघत होत्या. खंडेनवमीला फकिराच्या वेळी हा हात डब्यावर होता. साहेबांच्या वेळी जोडलेला होता. आज पुन्हा डब्यावर. त्याचा अर्थ काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. यंत्रातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण भाजी बिघडली की एका वेळी एकच जिन्नस बदलून बघायचा, एवढं त्यांना येत होतं.

"शेठ, उन्हातून आलात. चहा घ्या आधी. फकिरा, शेठना चहा दे. बशी चांगली भरून दे."

फकिरानं बशी अशी काठोकाठ भरली, की दोन्ही हातांनी तोलल्याशिवाय सफारीवर सांडलीच असती. झुंबरशेठनी दोन्ही हातांनी बशी धरली आणि ओठाला लावली.

"साहेब, तोवर आणखी एकदा दाबा."

"अहो पण..."

"एकदाच."

साहेबांनी दाबलं. एस, ए, आर, जे, ए.

हिरवा दिवा लागला. पडद्यावर मल्हारीचं स्टोअर उघडलं.

झुंबरशेठचा घोट घशातच राहिला. चहा सफारीवर सांडला तो सांडलाच.

"आता बोल की, राखणदारा!" मागून कुणीतरी ओरडलं. "साहेबांचं बोट मल्हारीचं झालं काय रे?"

"सावकाश... सावकाश मंडळी!" झुंबरशेठ बशी ठेवत म्हणाले. "ग्रहाचा परिणाम आहे. आज शनिवार. शिवाय साहेबांनी मघाशी एकदा दाबलंय, त्यामुळे बोटाची ओळख पडली..."

"मग मी दाबतो," फकिरा म्हणाला. "माझी तर खंडेनवमीलाच ओळख पटली नव्हती." हात धोतराला पुसून त्यानं अक्षरं दाबली. हिरवा. मग सोमानं दाबली. हिरवा. लताबाईंनी दाबली. हिरवाच.

"आता हात ठेवा, शेठ," लताबाई म्हणाल्या.

झुंबरशेठनी हात खिशात घातला. "ही चेष्टा चाललीय! मी निघतो."

"निघा की. फक्त आज हजर होतो म्हणून सही करून जा." त्यांनी कागद आणि तो चौकशीच्या कागदांना जोडायला टाचण्यांची डबी पुढं सरकवली. झुंबरशेठना सुटायची घाई. त्यांनी खिशातून हात काढून पेन धरलं, आणि डबीतल्या टाचण्या टणाटण उडून त्यांच्या अंगठीला चिकटल्या. खड्याभोवती साळिंदरासारखे काटे उभे राहिले.

कँटीनमध्ये इतका हशा कधी झाला नव्हता. पण लताबाई हसल्या नाहीत.

सोमानं पान्यानं डबा उघडला आणि आतली एक काचेची बारीक नळी सगळ्यांना दाखवली. "ह्याच्यात दोन पत्र्या हायेत, बघा. लोहचुंबक जवळ आला का ह्या चिकटतात. खड्याखाली लोहचुंबक हाय शेठच्या. हात ठेवला का पत्र्या चिकटल्या, तांबडा दिवा, कावळा. हात काढला का साधं कुलूप. शब्द बरोबर दाबला का कुणालाबी उघडतंय." तो डब्यात आणखी डोकावला. "बोट ओळखायचं काहीच नाय ह्याच्यात. नुसता शब्द बघतो."

झुंबरशेठ केव्हा निसटले ते कुणाला कळलं नाही. चांदवडकर साहेब खुर्चीत बसून राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मल्हारी निर्दोष आहे."

"ते मला माहीत नाही," लताबाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"रिळं कुणी नेली ते मला खरंच माहीत नाही, साहेब. ज्याला सर्जा शब्द माहीत होता तो कुणीही असेल, आणि शब्द तर सगळ्या कारखान्याला माहीत होता. तो मल्हारीनंच दाबला, असं म्हणायला आपल्याकडे काही नाही. काल नव्हतं, आजही नाही. एवढंच मी लिहिणार आहे."

साहेबांनी मान हलवली. "त्याला सोमवारपासून कामावर घेतो. रिळांचं पुन्हा पहिल्यापासून बघू." मग, खाली मान घालून, "माझंही चुकलंच. इतक्या जणांनी लिहून दिलं होतं, म्हणून..."

माणसं पांगेनात. काहीतरी ऐकायला थांबली होती. लताबाईंना भाषण करता येत नव्हतं. त्या टेबलाला हात टेकून उभ्या राहिल्या.

"मी देव मानणारी बाई आहे. उपास करते, पोथी वाचते, ते मी सोडणार नाही. पण देवानं जीभ दिली, डोळे दिले, ते वापरले तर त्याला राग येतो असं मला कुणी सांगितलेलं नाही. शेठनी आपल्याला फसवलं, हे खरं. पण शेठनी एकदाच सांगितलं. पुढं महिनोन्‌महिने आपण एकमेकांना सांगत राहिलो. कुणी काही सांगितलं, की आधी विचारा, तू स्वतः पाहिलंस का? नाही पाहिलं, तर कुणाकडून ऐकलंस? त्याच्याकडे जा. सगळ्या वाटा एकाच माणसाच्या दारात जात असतील, तर दहा जण बोलले तरी ते एकाचंच बोलणं. आणि त्या एकाचा त्यात धंदा असेल, तर स्वतःच्या हातानं करून बघा. नारळ फोडला असला तरी करून बघा. कुणाच्या पोटाचा, कुणाच्या अब्रूचा प्रश्न असेल तेव्हा तरी बघा. शपथ मोडल्याचं पाप लागलं तर ते माझ्यावर घाला." त्या खुर्चीवर टेकल्या. "बस. मला दम लागतो फार बोललं की."

माणसं हळूहळू उठली. जाता जाता एकानं सवयीनं उघड्या डब्याला बोट लावून छातीला लावलं. लताबाईंनी ते पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली.

साहेब त्यांच्या मागं टाइम ऑफिसपर्यंत आले. "बाई, सटाण्याच्या आडतीवर फोन आहे. मी आत्ता लावतो. ते मल्हारीच्या घरी निरोप देतील."

"नको, साहेब."

"अहो, दिवेलागणीआधी घरी पोचून दिवा लावायचं तुमचं व्रत. आता निघालात तर आज घरी येणं व्हायचं नाही."

लताबाईंनी खिडकीतून उन्हाकडे पाहिलं. कलायला लागलं होतं. "शेजारच्या आक्काबाईंना कळवा तेवढं. दिवा त्या लावतील. किल्ली कुठं असते ते त्यांना माहीत आहे."

त्यांनी पिशवी घेतली, चपला घातल्या आणि फाटकातून बाहेर पडून सिटी बसच्या थांब्याकडे चालू लागल्या. सीबीएसच्या एसटी स्टँडवरून सटाण्याची गाडी मिळायला अजून वेळ होता.